दारातला नकार, घाईतली चूक

मे 1953. गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या, पुढे स्प्लिंट मिळवले आणि पुण्याला हलवायचा सल्ला दिला. रात्री एकच्या सुमारास निघालेली टॅक्सी दोनशे मैल तोडून सकाळी साडेअकराला पुण्यात पोहोचली. दुपारी तो एका खासगी रुग्णालयात दाखल झाला, संध्याकाळी पाय प्लास्टरमध्ये होता आणि रात्री नऊला तो गेला. वडील स्वतः दौंडला डॉक्टरकी करणारे. पुरती भूल न देता, माणसे लावून, जोर करून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असा त्यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मे 1968 मध्ये मान्य केला. भरपाई तीन हजार रुपये, आणि तीही पंधरा वर्षांनी.

भारतातल्या डॉक्टरी हलगर्जीपणाच्या अनेक खटल्यांत आजही या निकालाचा दाखला दिला जातो. डॉक्टरची तीन कर्तव्ये त्यात सांगितली आहेत: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे नीट ठरवणे, कोणता उपचार द्यायचा हे ठरवणे आणि तो नीट देणे. तातडीच्या उपचारांवरून आज जे रान उठते त्यातले बरेचसे पहिल्या कर्तव्यापाशीच अडते. कॅज्युअल्टीच्या दारात.

1980च्या दशकात कारने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला एका भल्या माणसाने जवळच्या रुग्णालयात नेले. पोलीस केस आमच्याकडे घेत नाहीत, असे सांगून त्याला वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात पिटाळले गेले आणि तो वाटेतच गेला. त्यावरच्या परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे आधी, पंचनामा नंतर. पुढे 1992 मध्ये बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. कुठे सोय नाही, कुठे बेड नाही. अखेर खासगी रुग्णालयात सतरा हजार खर्चून तो वाचला. न्यायालयाने त्याला पंचवीस हजार देवविले आणि सरकारला बजावले की पैसा नाही ही सबब जगण्याच्या हक्कापुढे टिकत नाही.

दारातल्या नकाराचे तिसरे प्रकरण कोलकात्याचे, जानेवारी 2001 मधले. अपघातात सापडलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लोकांनी उचलून खासगी रुग्णालयात आणले. ऑक्सिजन लागला, इंजेक्शने झाली, आणि मग पंधरा हजारांची मागणी आली. जमलेल्यांनी दोन हजार पुढे केले, त्याची मोटारसायकल ठेवून घ्या म्हणाले. मुलाचा आरोग्य विमा होता. तरी सुमारे पाऊण तासाने उपचार थांबले आणि दुसरीकडे नेताना तो वाटेत गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2005 मध्ये आईवडिलांना दहा लाख देण्याचा आदेश दिला.

ही तिन्ही प्रकरणे डॉक्टरच्या हातून झालेल्या चुकीची नाहीत. इथे उपचार चुकला नाही, नाकारला गेला. कोर्टात आणि कोर्टाबाहेर नेमका हाच फरक पुसला जातो. रात्री अडीचला छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा पहिला ईसीजी साधा आला, डॉक्टरने ॲसिडिटी समजून घरी पाठवले आणि पहाटे झटका आला, तर त्या डॉक्टरला जोखताना त्या घडीला त्याच्यापुढे काय होते तेवढेच पाहायला हवे. शवविच्छेदनाचा अहवाल हातात घेऊन सगळेच हुशार होतात. घाईत झालेल्या चुकीला सवलत द्यावी, पण डिपॉझिट भरल्याशिवाय स्ट्रेचर आत न घेण्याला कसली घाई? तो नियम कोणीतरी थंड डोक्याने, दिवसाउजेडी, बैठकीत ठरवलेला असतो.

आणि तो ठरवणारा कॅज्युअल्टीत कधीच नसतो. आपल्याकडच्या लहान-मध्यम खासगी रुग्णालयांत रात्रपाळीला बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला तरुण आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर असतो. सल्लागार डॉक्टर फोनवर, व्यवस्थापन झोपलेले. नातेवाईक कॉलर धरतात ती त्या आरएमओची आणि गुन्ह्यात नाव येते तेही डॉक्टरचे. राजस्थानात दौसा जिल्ह्यात मार्च 2022 मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने रुग्ण दगावली. पोलिसांनी थेट खुनाचा गुन्हा नोंदवला आणि डॉक्टर महिलेने आत्महत्या केली. तज्ज्ञ डॉक्टरच्या मताशिवाय फौजदारी कारवाई नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच जेकब मॅथ्यू खटल्यात सांगून ठेवले होते. तो खटलाही बोलका आहे. लुधियानात श्वास कोंडलेल्या रुग्णासाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला. न्यायालयाने डॉक्टरांना फौजदारी खटल्यातून सोडवले. सिलिंडर भरलेला ठेवणे हे रुग्णालयाचे काम, त्याची दिवाणी जबाबदारी असू शकते, असे म्हटले आणि त्यापुढे मत दिले नाही. रिकाम्या सिलिंडरचा जाब मग कोणाला विचारायचा?

कायद्यात वाट आहे. एकेका डॉक्टरला पक्षकार न करता रुग्णालयालाच थेट जाब विचारता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या सविता गर्ग निकालात मान्य केले. पण ग्राहक आयोगाने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, हे 2019 च्या कायद्यातले वाक्य कागदावरच राहते. शिवाय सर्वांना मोफत उपचार देणारी सरकारी रुग्णालये 1995 च्या निकालाने ग्राहक कायद्याबाहेर ठेवली आहेत, म्हणजे गरिबाला तोही दरवाजा बंद. वर्षानुवर्षे तारखा पडणार हे ठाऊक असलेला माणूस पोलीस ठाणे गाठतो, नाहीतर काचा फोडतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 पासून महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे, पण ज्या संतापातून हल्ले होतात त्याचे तो काय करणार?

पुण्यात 2025 च्या मार्चअखेरीस याचाच प्रत्यय आला. जुळ्यांच्या गरोदर महिलेकडे दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप नातेवाइकांनी केला. दुसरीकडे प्रसूती झाली, बाळे वाचली, आई गेली. मोर्चे निघाले, तोडफोड झाली, चौकशी समित्या बसल्या. तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले. हलगर्जीपणाचा गुन्हा मात्र दाखल झाला तो एका डॉक्टरवर. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत ठेवायच्या, हे बंधन त्याआधीही होते. शुश्रूषागृहांच्या 2021 च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनदही होती.

रुग्णालयवाले विचारतात, पैसे कोण देणार? प्रश्न चुकीचा नाही. राजस्थानने 2023 मध्ये आगाऊ पैशांशिवाय तातडीचे उपचार हा हक्क केला, तेव्हा खासगी डॉक्टर याच मुद्द्यावर रस्त्यावर उतरले आणि पन्नास खाटांखालची रुग्णालये वगळण्याची तडजोड झाली. केंद्राने मे 2025 मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवस, दीड लाखापर्यंत रोखरहित उपचारांची योजना आणली, ते बरे झाले. पण त्याच रात्री, त्याच कॅज्युअल्टीत, छाती धरून रिक्षातून उतरलेला माणूस तिच्यात बसत नाही. महात्मा फुले योजनेत तो बसेल, पण रिक्षा ज्या दारात थांबली ते रुग्णालय योजनेत असेल तर. अपघातासाठी उघडलेली तिजोरी हृदयविकार आणि बाळंतपणासाठी उघडायला सरकारला कोणता नवा निकाल लागतो, हे आरोग्यमंत्र्यांना एकदा विधानसभेत विचारायला हवे.