सहलीआधी कामाची वाटणी

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता फुटतो तो वडखळला. कर्मचाऱ्यांचे मनोबल वाढवण्यासाठी कंपन्या ज्या सहली काढतात, त्यांतल्या अनेक याच वाटेने समुद्राकडे जातात. हेतू चांगलाच आहे. पण नुसत्या रस्सीखेचीने तो साधत नाही. कॅमेरॉन क्लाइन, एदुआर्दो सालास आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये संघबांधणीवरील आधीच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. अशा उपक्रमांचा उपयोग होतो, असेच त्यात दिसले. मात्र सर्वाधिक परिणाम साधला तो उद्दिष्टे ठरवण्याने आणि कोणाची जबाबदारी कोणती, हे स्पष्ट करण्याने. रायगडच्या गावोगावी रुजलेल्या कबड्डीत हेच दिसते: कोपरा कोणाचा, चढाई कोणाची, हे ठरलेले असते, म्हणून साखळी टिकते.

खेळामुळे साहेब आणि कामगार यांच्यातला संकोच गळतो, हा आक्षेप रास्त आहे. पण सोमवारी पाळी बदलताना यंत्रातला बिघाड कोणी कोणाला सांगायचा, हेच ठरलेले नसेल, तर दोष एकमेकांवर ढकलले जातात आणि तो संकोच पुन्हा उभा राहतो. वडखळशेजारी डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. अशा उद्योगांत कायम आणि कंत्राटी माणसे खांद्याला खांदा लावून राबतात. सहलीला फक्त कायम कर्मचारीच गेले, तर दरी वाढतेच. म्हणून संघबांधणी पगारी वेळेत व्हावी, साप्ताहिक सुट्टी खाऊन नव्हे. तिच्यात कंत्राटी कामगार असावेत, आणि खेळाआधी तासभर कामाच्या अडचणींवर मोकळी चर्चा व्हावी.