अजिंठ्यावरचा चपडा

अजिंठ्याच्या चित्रांवर पिवळट झाक दिसली की पाहणारा ती काळाच्या खाती टाकतो. त्यातली बरीच झाक मात्र माणसाच्या हातची आहे, आणि तीही चित्रं वाचवू पाहणाऱ्या हातांची.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन इथं प्रतिकृती करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फिरवलं गेलं. पुढं 1920 ते 1922 या काळात हैदराबाद संस्थानानं लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणले. खडकापासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला, तुटक्या कडा सांधल्या. हे उपकार विसरता कामा नयेत. पण रंग धरून राहावा म्हणून त्यांनी चपड्याचा, म्हणजे लाखेचा, थर दिला, आणि घात तिथं झाला.

युरोपातली भित्तिचित्रं बहुधा ओल्या चुन्यावर काढलेली. रंग चुन्यातच मुरतो. अजिंठ्याचं तसं नाही. तिथं माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. अशा पृष्ठभागावर चपडा वाळताना आकसतो आणि रंगाची पापुद्री ओढतो. वर्षं गेली की पिवळा पडतो. अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा निळा रंग त्याखाली हिरवट दिसू लागतो.

तो काढणंही सोपं नाही. ताजा चपडा स्पिरिटमध्ये सहज विरघळतो, जुना हट्टी होतो. जोर लावावा तर खालचा रंग सुटण्याची भीती. पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी दहाव्या लेण्यात बोटभर जागा घेत घेत हे काम केलं, तेव्हा काजळी आणि चपड्याखालून आकृत्या पुन्हा दिसू लागल्या.

आपण लावलेलं पुढच्याला काढता आलं पाहिजे, हा संवर्धनशास्त्राचा आजचा दंडक अशाच अनुभवांतून आला. इटलीच्या चेझारे ब्रांदी यांनी तर गळालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायला शिकवलं: लांबून चित्र सलग दिसावं, जवळून दुरुस्ती लपू नये. हा प्रामाणिकपणा अजिंठ्यालाही हवा. कुठला थर कोणी, कधी चढवला आणि कोणी उतरवला याची छायाचित्रांसह नोंद लेण्यांजवळ मराठीत लावावी. चित्राचा एखादा कोपरा मुद्दाम न पुसता ठेवावा, म्हणजे अधिक चांगलं द्रावण हाती आलेल्या उद्याच्या तज्ज्ञाला तपासायला काही उरेल.