पाण्याने केलेली हजामत

मराठी भाषेत 'हजामत' या शब्दाच्या वाट्याला फारसे चांगले काही आलेले नाही. व्यापाऱ्याने शेतकऱ्याला लुबाडले की त्याची हजामत झाली. वरिष्ठांनी चारचौघांत खडसावले की बिनपाण्याने हजामत झाली. बाजारातून उशिरा परतलेल्या मुलाला बापही विचारतो, "इतका वेळ काय हजामत करत होतास?" लुबाडणूक, अपमान आणि वेळ दवडणे या तिन्ही गोष्टींना आपण एकच नाव दिले आहे, आणि ते एका प्रामाणिक कामाचे नाव आहे. मला या कामाची बाजू घ्यावयाची आहे. गरम पाणी, वाटीतला साबण, ब्रश आणि एका ब्लेडचे साधे मशीन घेऊन रोज सकाळी सावकाश स्वतःची दाढी स्वतः करणे हा एक उत्तम छंद आहे, असे माझे मत आहे. संपादकांनी हा लेख विनोदी विभागात टाकू नये, एवढी विनंती.

प्रथम त्यातील गोडीविषयी. आमचे देवळाली प्रवरा हे कालव्याच्या पाण्यावर वाढलेले गाव. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी या भागात ऊस उभा केला. पण आवर्तन लांबले की पाण्याची किंमत काय असते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो की या छंदाला एक तांब्या पाणी पुरते. बेसिनचा नळ सोडून ठेवून दाढी करणाऱ्यांशी माझे पटत नाही.

थंडीच्या दिवसांत बंबातले कढत पाणी तांब्यात घ्यावे आणि ब्रश त्यात भिजत टाकावा. तोवर त्याच पाण्याने गाल चांगले ओले करावेत. केस पाणी शोषून घेतो, फुगतो आणि मऊ पडतो; त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. ही दोन-तीन मिनिटे बहुतेकांना देववत नाहीत, आणि मग ते ब्लेडला नावे ठेवतात. ब्रश झटकून साबणावर गोल गोल फिरवावा, मग वाटीत थेंब थेंब पाणी घालीत घोटावा. आधी मोठे बुडबुडे येतात. ते फसवे असतात. घोटत राहिले की ते मोडतात आणि घुसळलेल्या सायीसारखा दाट फेस वर येतो. तो गालाला लावताना जे सुख होते त्याचे वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ज्याला पटत नसेल त्याने डिसेंबरात, उसाला पाणी द्यायला पहाटे जाऊन आल्यावर, एकदा करून पाहावे.

मशीन धरण्यात खरी विद्या आहे. ब्लेड कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करून फिरले पाहिजे, आणि ते दाबावयाचे नाही; मशीनचे स्वतःचे वजन पुरेसे असते. कोन बरोबर साधला आहे की नाही हे कानाला कळते. साधला असला तर बारीक, एकसारखी खरखर ऐकू येते, चुकला तर आवाजच येत नाही. आपल्याच चेहऱ्यावर केस कोठे खाली वाढतात, कोठे आडवे आणि गळ्यापाशी कोठे उलटे, याचा शोध लागायला महिनाभर जातो. वीस वर्षे ज्या तोंडाने आपण जगात वावरलो त्याची एवढीही माहिती आपल्याला नसते. शेवटी गार पाणी आणि ओल्या तुरटीचा खडा. तुरटीने कातडी आवळते, बारीकसे रक्त थांबते, आणि जेथे झोंबते तेथे आपण मशीन दाबले होते असे समजावे. इतकी रोखठोक परीक्षक मला विद्यापीठातही भेटलेली नाही.

या साध्या कामात शास्त्रज्ञांनाही कोडे पडलेले आहे. ब्लेडचे पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असते. मग चार-पाच दाढ्यांत ते बोथट का व्हावे? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात याचे उत्तर दिले. धार नुसती झिजत नाही, तिचे टवके उडतात. पोलादाची घडण सर्वत्र सारखी नसते, केस कापला जाताना वाकतो, आणि धारेच्या नाजूक जागी तो एका विशिष्ट कोनातून भिडला की तेथे टवका निघतो.

आता आक्षेप. आमच्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे असे की, जे काम केल्यावाचून सुटका नाही त्याला छंद कसे म्हणावे? तिकिटे जमवावीत, पेटी वाजवावी. मला हे मान्य नाही. जेवण रोज करावेच लागते, म्हणून कोणी स्वयंपाकाचा शौक करू नये काय? ज्या कामात हात दिवसेंदिवस सुधारत जातो आणि जे करताना दुसरे काही सुचत नाही, ते छंदाच्या पंगतीला बसायला पात्र आहे. शिवाय पेटीचा खर्च वेगळा आणि याचा वेगळा. साधे ब्लेड अजूनही काही रुपयांत मिळते.

महाग झाली आहे ती दाढीची घाई. किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थाने बदलता येणाऱ्या ब्लेडचे मशीन विक्रीला काढले तेव्हा १९०३ या पहिल्या वर्षी अवघी ५१ मशिने आणि १६८ ब्लेडे खपली, असे सांगतात. पुढे त्या कंपनीने जग व्यापले. १९७१ साली तिने एकाऐवजी दोन पात्यांचे मशीन आणले, १९९८ साली तीन पात्यांचे, २००६ साली पाच. हा हिशेब असाच चालला तर आपल्या नातवंडांना दाढीसाठी कुळव धरावा लागेल! आणि गंमत अशी की, याच कंपनीने २०१० साली खास भारतासाठी स्वस्त मशीन काढले, त्याला पाते एकच. मोठ्या शहरांत हौशी लोक परदेशी ब्रश आणि भारी किमतीचे साबण जमवतात असे ऐकतो. त्यांना तो आनंद लखलाभ होवो. पण ती खरेदीची हौस झाली, हातात काही येत नाही.

आतापर्यंतचे वाचून कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण मासिकाची पाने यासाठी खर्च करावीत काय? माझ्या मते करावीत, कारण या वस्तऱ्याचा आपल्या समाजातला इतिहास साधा नाही. न्हावी हा बलुतेदार. वर्षभर गावाच्या दाढ्या करावयाच्या आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यावयाचे. ज्याच्या हातातल्या धारेखाली पाटलापासून सर्वांनी मान दिली, त्याच्या कामाचेच नाव शिवीसारखे वापरले गेले. वास्तविक याच धंद्यातले सेना महाराज वारकऱ्यांना वंदनीय आहेत, आणि त्यांनी आपल्या आरसा-चिमट्यासारखी हत्यारे थेट अभंगात नेली. तरी बोलीभाषेतली तुच्छता गेली नाही.

त्याहून कठीण गोष्ट म्हणजे कोणाला हात लावावयाचा आणि कोणाला नाही, हे या वस्तऱ्याने ठरत होते. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पैसे देण्याचीही घरची ऐपत होती, पण अस्पृश्याच्या केसाला कोणी हात लावीना. म्हणून भावंडांचे केस थोरली बहीणच कापी. आमच्या वर्गातील भगिनींना दाढीच्या लेखात आपले काय काम असे वाटले असेल, तर त्यांनी हे पुढचे अवश्य वाचावे. नवरा मेलेल्या बाईच्या डोक्यावर हाच वस्तरा बळजबरीने फिरवला जात असे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे त्यांनी जाहीर केले. पोटावर पाय येईल हे ठाऊक असून, मोठमोठे विद्वान शास्त्रार्थ करीत बसले असताना, ज्यांच्या हातात हत्यार होते त्यांनीच ते खाली ठेवले. हे आम्हाला शाळेत दोन ओळींत शिकवले. दोन पाने शिकवावयास हवे होते.

हे कळल्यापासून सकाळच्या आरशासमोर उभे राहताना मला वेगळे वाटते. ज्याला हात लावणे हलके समजले गेले ते काम मी आवडीने करतो, आणि ते नीट करणे किती अवघड आहे हे माझ्या हनुवटीला माहीत आहे. दाढीचा छंद लागल्यापासून 'हजामत' हा शब्द शिवी म्हणून माझ्या तोंडी येत नाही. निश्चय वगैरे काही केला नव्हता, तो आपोआप गळून पडला. आपल्या वसतिगृहातल्या दहा-बारा जणांनी हा नाद लावून घेतला तर तेथेही असेच होईल, असा माझा अंदाज आहे.

असे झाले तर सलूनवाल्यांच्या पोटाचे काय, असा प्रश्न एका प्राध्यापकांनी केला. प्रश्न योग्य आहे. मी केस कापायला गावातल्या सलूनमध्येच जातो. तेथील कारागीर ब्लेड मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्यात बसवतो आणि गिऱ्हाईक बदलले की तेही बदलतो. कावीळ-ब आणि एड्स यांचे रोगजंतू रक्तातून पसरतात, तेव्हा जेथे हे होत नसेल तेथून खुर्चीवरून उठून यावे. त्याला मी हा प्रश्न विचारला. त्याच्या मते दुकान चालते ते केसांवर, कोरीव दाढ्यांवर आणि लग्नसराईवर. साध्या दाढीवर आता कोणाचेच चालत नाही. उलट हनुवटीखालची कातडी डाव्या हाताच्या बोटाने ताणून कशी धरावी हे त्यानेच मला दाखवले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दिवसभरात कितीतरी दाढ्या त्याच्या हाताखालून जातात, आणि त्या सगळ्या घाईत उरकाव्या लागतात, कारण बाकावर माणसे बसलेली असतात. त्याची स्वतःची दाढी तो सोमवारी करतो. त्या दिवशी दुकान बंद असते. पाणी तापवून, वाटीत साबण घोटून, चांगला अर्धा तास.