त्या एका चौकटीसाठी 17 मे 2021 पर्यंतच वेळ होता

2021 च्या पाडव्याच्या गुढ्या उतरल्या होत्या, श्रीखंडाचे डबे घासून झाले होते. तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घराने 2020 चं टॅक्स रिटर्न टेबलावर काढावं, ही माझी कळकळीची विनंती होती. भरून झालं असलं तरी काढावं. त्या वर्षी रिटर्नची मुदत 15 एप्रिलवरून 17 मेपर्यंत वाढली होती आणि तो जादा महिना बघता बघता संपणार होता. घरात कॉलेजातलं किंवा नुकतंच कॉलेजातून बाहेर पडलेलं मूल असेल, किंवा ग्रीन कार्डावर आलेले आई-बाबा राहत असतील, तर हे काम लगेच करायला हवं होतं.

2020 च्या फॉर्म 1040 च्या पहिल्या पानावर, नाव-पत्त्याच्या खाली एक बारीक चौकट होती. दुसरं कोणी तुम्हाला डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का, असं ती विचारायची. कोविडकाळात सरकारने दिलेले मदतीचे, म्हणजे स्टिम्युलसचे, पैसे मिळणार की नाही, ते पुष्कळांच्या बाबतीत या चौकटीवर ठरत होतं. आणि शब्द नीट वाचा: ‘दाखवू शकतं’, ‘दाखवलं’ नव्हे. आईवडिलांनी मुलाला रिटर्नमध्ये दाखवलं नाही म्हणून मूल आपोआप स्वतंत्र होत नाही. दाखवण्याजोगं असेल तर ते डिपेंडंटच.

मार्च 2020 च्या कायद्याने माणशी 1,200 डॉलर दिले, सतरा वर्षांखालच्या मुलामागे 500. डिसेंबरच्या कायद्याने दोघांनाही 600. पण सतरा पूर्ण झालेल्या डिपेंडंटला दोन्ही वेळा शून्य. त्याच्या स्वतःच्या नावावर काही नाही आणि आईवडिलांच्या खात्यातही काही नाही. एकोणीस वर्षांचं कॉलेजातलं पोर आणि सत्तरीची आजी, दोघंही या फटीत पडली. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय होता. 11 मार्च 2021 ला सही झालेल्या कायद्याने तो निम्मा दूर केला. मग कुठल्याही वयाच्या डिपेंडंटमागे 1,400 मिळाले, फक्त ते त्याला दाखवणाऱ्याच्या खात्यात आले. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की ही रक्कम घटू लागायची आणि 1,60,000 ला संपायची. दोघंही आयटीत असलेली आपली बरीच घरं इथेच बाद झाली आणि त्यांनी ‘आपल्याला काय मिळणार’ म्हणून विषय सोडून दिला.

आम्हीही तेच केलं. फेब्रुवारी 2021 मध्ये रिटर्न भरताना दरवर्षीच्या सवयीने लेकीचं नाव डिपेंडंटमध्ये टाकलं. ती बावीस वर्षांची. मे 2020 मध्ये पदवी झाली, जुलैत नोकरी लागली, ऑगस्टअखेरपर्यंत आमच्या बेसमेंटमधून लॅपटॉपवर काम केलं आणि सप्टेंबरपासून स्वतःच्या भाड्याच्या घरात गेली. मार्चमध्ये तिनेच विचारलं, “बाबा, मी अजून डिपेंडंट कशी?”

मग एका रविवारी हिशोबाला बसलो. वर्षभरात तिच्यावर किती खर्च झाला आणि त्यातला निम्म्याहून जास्त कोणी केला, एवढंच पाहायचं असतं. तिने किती कमावलं याला इथे महत्त्व नाही, जगण्यावर किती खर्च केलं याला आहे. बचत खात्यात पडून राहिलेला पगार धरत नाहीत. शेवटच्या सत्राची फी 7,000, त्यातले 5,000 तिच्या नावावरच्या कर्जातून, म्हणून ते तिचे. आमच्याकडे राहिली त्या महिन्यांचं खोलीचं भाडं, बाजारात जे पडलं असतं ते, आणि जेवण आमच्या बाजूला. म्हणजे आईच्या वरणभाताचीसुद्धा किंमत मांडावी लागते! ती मांडताना घरात थोडी वादावादी झाली, तेही सांगून टाकतो. एकूण 19,200 डॉलर भरले. तिचे 11,000, आमचे 8,200. लेक स्वतंत्र ठरली.

तिला दाखवून आमचा कर 500 डॉलरने कमी झाला होता. तिचे मात्र पहिल्या दोन हप्त्यांचे 1,800 आणि नव्या हप्त्याचे 1,400 अडकले होते. आम्ही 1040-एक्स भरून आमचं रिटर्न दुरुस्त केलं. तिचं ऑनलाइन रिटर्न परत आलं, कारण तिचा सोशल सिक्युरिटी नंबर आमच्या रिटर्नवर आधीच वापरलेला. ते कागदावर छापून पोस्टाने पाठवलं, त्यात 30 व्या ओळीवर 1,800 मागितले. चुकलेले पहिले दोन हप्ते मागायची जागा हीच ओळ होती.

आई-बाबांचंही असंच बघायला हवं होतं. 2020 साठी त्यांच्यापैकी कोणाचं ढोबळ उत्पन्न 4,300 डॉलर किंवा जास्त असेल तर तुम्ही त्यांना डिपेंडंट दाखवू शकत नव्हता. ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याज मिळून ही रक्कम सहज ओलांडली जाते. मग ग्रीन कार्ड आणि सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या बाबांनी स्वतःचं रिटर्न भरायचं. अर्थात त्यात भारतातलं उत्पन्न दाखवावंच लागतं. ते झाकून इथले पैसे मागायचे, असं जमणार नव्हतं.

हिशोब उलटा निघाला तर चौकट प्रामाणिकपणे टिक करा. पैशासाठी मुलाला कागदावर स्वतंत्र करू नका.

एफ-1 व्हिसावर पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलांना तर विशेष सांगणं आहे. पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुमचा फॉर्म सहसा 1040-एनआर असतो, आणि तो भरणाऱ्याला हे पैसे नव्हते. सॉफ्टवेअरच्या घाईत साधा 1040 भरला गेला आणि खात्यात 1,200 आले असतील तर रिटर्न दुरुस्त करा, पैसे परत पाठवा. पुढे व्हिसाच्या खिडकीसमोर उभं राहताना हा कागद स्वच्छ असलेला बरा.

2021 मध्ये उत्पन्न 72,000 डॉलरपर्यंत असेल तर करखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, फ्री फाइलवर रिटर्न फुकट भरता यायचं. साधारण 57,000 पर्यंत असेल तर व्हिटा या मोफत मदत कार्यक्रमाचे स्वयंसेवक बसून भरून द्यायचे, पण त्यांच्या वेळा मेमध्ये मिळणं कठीण होतं, म्हणून लवकर फोन करायला हवा होता. आणि मराठी मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर गुढ्यांचे फोटो भरपूर आले होते. ही माहितीही तिथे टाकायला हवी होती आणि ज्यांच्या घरात पदवीधर पोर होतं त्यांना वेगळा फोनही करायला हवा होता. ग्रुपवरचं कोण वाचतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.