आधी दोष शोधा



सायकल चालेनाशी झाली, तर आपण काय करतो? चाक पंक्चर आहे की साखळी उतरली आहे, हे आधी पाहतो. एका ट्यूबसाठी कोणी नवी सायकल घेत नाही. मग लॅपटॉपच्या बाबतीत हे शहाणपण कुठे जाते?

आमच्या कुरुंदवाडमधली गोष्ट सांगतो. दहावीतली एक विद्यार्थिनी जुन्या लॅपटॉपवर अभ्यास करते. घरात राउटर पुढच्या खोलीत आहे. ती मागच्या खोलीत, जाड दगडी भिंतीपलीकडे बसते. तिथे इंटरनेट सारखे तुटत असे. "लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या," असे दुकानदाराने सांगितले. तिचे अब्बा तिची शिकवणी बंद करून पैसे साठवणार होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शिरोळ तालुक्यातील कितीतरी घरांतले सामान भिजून वाया गेले. अशा ठिकाणी नवे यंत्र घेणे सोपे नसते.

मी तिला एक साधी परीक्षा करायला सांगितली. त्याच जागी तिने मोबाइल राउटरला जोडला. तो नीट चालला. मग लॅपटॉप राउटरजवळ नेला. तोही नीट चालला. म्हणजे राउटर चांगला, लॅपटॉपही चांगला. कमजोर होता तो लॅपटॉपमधला वायरलेस अ‍ॅडॉप्टर, म्हणजे रेडिओ लहरी पकडणारा आणि पाठवणारा लहानसा भाग. काहीशे रुपयांत बाहेरून जोडायचा, अँटेना असलेला यूएसबी अ‍ॅडॉप्टर आणला आणि काम झाले.

असा अ‍ॅडॉप्टर घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे दूरवर पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेग जास्त देतात, पण भिंतीपुढे लवकर थकतात. दोन्ही लहरी पकडणारा अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा.

कोणी म्हणेल, "जुन्याला ठिगळ किती दिवस लावायचे?" प्रश्न योग्य आहे. मूळ जोडणीच संथ असेल, तर अ‍ॅडॉप्टर तिचा वेग वाढवू शकत नाही. लॅपटॉप खरोखरच निकामी झाला असेल, तर तो बदलावाच लागेल. पण हे दोष शोधल्यावर ठरवावे, आधी नव्हे.

आपल्याच जिल्ह्यातील वारणानगरला १९९८ मध्ये सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊस पिकवणाऱ्यांना माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या लघुसंदेशाने तीच माहिती देऊन पाहिली आणि काम भागले. यंत्र किती महाग आहे यापेक्षा आपली गरज काय आहे, हे ओळखणे महत्त्वाचे.

त्या मुलीची शिकवणी बंद झाली नाही. मला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. तुमच्या घरीही एखादे यंत्र 'बिघडले' म्हणून कोपऱ्यात पडले असेल. ते भंगारात देण्यापूर्वी विचारा : नेमके काय बिघडले आहे?