अबोल माणसाचें राज्य

गेल्या वैशाखांतली गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटीमुळें कर्जतच्या आमच्या घरांत मुलांची गर्दी झाली होती. दुपारीं पत्त्यांचा डाव मोडल्यावर आमच्या थोरल्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेच्या अध्यक्षांच्या चरित्रांचें एक पुस्तक घेऊन ओटीवर आमच्याजवळ येऊन बसला. "आजोबा," तो म्हणाला, "हा कूलिज नांवाचा अध्यक्ष फारसा बोलतच नसे म्हणे. आणि सरकारनें होतां होईल तों लोकांच्या व्यवहारांत हात घालूं नये, असें त्याचें मत होतें. मग लोकांनीं त्याला निवडून दिला तरी कसा? आणि आपल्याकडे असा कोणी राष्ट्रपति झाला का?"

प्रश्न दोन होते. पैकीं पहिल्याचें उत्तर सोपें होतें. कॅल्विन कूलिज हा व्हर्माँट संस्थानांतील डोंगराळ खेड्यांत ४ जुलै १८७२ रोजीं जन्मला. १९२३ च्या ऑगस्टांत तो उपाध्यक्ष असतां सुटीसाठीं वडिलांच्या घरीं गेला होता. अध्यक्ष हार्डिंग वारल्याची वार्ता मध्यरात्रीं त्या घरीं येऊन पोंचली. घरांत वीज नव्हती कीं टेलिफोन नव्हता. वडिलांना शपथ देण्याचा कायदेशीर अधिकार होता. त्यांनीं घासलेटच्या दिव्याच्या उजेडांत आपल्याच मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली, आणि नवा अध्यक्ष पुन्हा जाऊन निजला! पुढें साडेपांच वर्षें त्यानें राज्य केलें तें याच धाटणीनें. खर्चाच्या प्रत्येक कलमावर तो काटकसरी गृहस्थासारखी नजर ठेवी. कर तीन वेळां कमी झाले, आणि पहिल्या महायुद्धानें राष्ट्राच्या डोक्यावर ठेवलेलें सुमारें बावीस अब्ज डॉलरांचें कर्ज सतरा अब्जांच्या आंत आलें. युद्धानें व गैरव्यवहारांच्या बोभाट्यानें विटलेल्या लोकांना असा शांत कारभारी हवाच होता. म्हणून १९२४ सालीं त्यांनीं त्याला भरघोस मतांनीं निवडून दिलें.

याची दुसरी बाजूहि मुलाला सांगणें आम्हांस प्राप्त होतें. शेतमालाच्या पडत्या भावानें गांजलेल्या शेतकऱ्यांसाठीं विधिमंडळानें केलेला कायदा या अध्यक्षानें एकदां नव्हे, दोनदां नाकारला. त्यानें पद सोडल्यावर आठ महिन्यांच्या आंत शेअर बाजार कोसळला आणि जगावर मंदीची अवकळा आली. सरकारनें हात आंखडता घेतला त्याचेंच हें फळ, असें कित्येक म्हणतात. कित्येक तें साफ नाकारतात. तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. १९२७ च्या ऑगस्टांत, लोकप्रियता शिगेला पोंचली असतां, त्यानें पत्रकारांच्या हातांत एकेक चिठ्ठी ठेवली. पुढील वर्षीं आपण उभें राहूं इच्छीत नाहीं, एवढाच तिचा मतलब होता. कारणें नाहींत, भाषण नाहीं. मुदत संपतांच तो आपल्या गांवीं, पूर्वींच्याच भाड्याच्या अर्ध्या घरांत राहावयास गेला.

आतां दुसरा प्रश्न. आम्ही म्हणालों, "असा राष्ट्रपति आपल्याकडे झाला नाहीं, पण त्या पदासाठीं एक अबोल माणूस उभा मात्र राहिला होता, आणि तो आपल्याच जिल्ह्यांतला. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेला."

"म्हणजे आपल्या वरदविनायकाच्या गांवाजवळ?" मुलानें विचारलें, आणि माजघरांतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. खालापूर तालुक्यांतील अष्टविनायकाचें तें महड. आणि रायगडाच्या पायथ्याकडचें हें महाड. एका काना-मात्रेचा हा घोटाळा पाहुण्यांचाच होतो असें नाहीं, आमच्या मुलांचाहि होतो. असो.

चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, ऐन मकरसंक्रांतीच्या सुमाराचा. घराणें रोह्याचें. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रांत नांव काढलें. आणि १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंत ते पहिले आले. मध्यप्रांत-वऱ्हाडांत बरींच वर्षें नोकरी करून ते रिझर्व्ह बँकेंत आले, आणि ऑगस्ट १९४३ मध्यें त्या बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. आमच्या लहानपणीं घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कनवटीला ज्या नोटा असत, त्यांतल्या कित्येकांवर या आपल्या कुलाबेकराची सही असे; आणि ती आम्हां पोरांना दाखवितांना आजोबांचा चेहरा कसा फुले, तें आम्हांस अजून आठवतें.

१९५० सालीं ते स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत ते कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. कुलाबा हें आजच्या रायगड जिल्ह्याचें जुनें नांव. तें १९८१ पर्यंत चाललें, आणि कर्जत व खालापूर हे आमचे दोन्ही तालुके त्या वेळीं त्याच जिल्ह्यांत होते. म्हणून चिंतामणरावांविषयीं आम्हां घाटाखालच्या लोकांना जी आपुलकी वाटते ती केवळ जन्मभूमीच्या नात्याची नव्हे.

येथें वाचकांनीं एक शंका घ्यावी, कारण ती आमच्या पुतण्यानेंहि घेतली. हा मुलाचा बाप पेढीवर काम करतो आणि हिशेबांत पक्का आहे. तो म्हणाला, "काका, कूलिजशीं यांची तुलना कशी व्हावी? कूलिजनें सरकार लहान केलें. चिंतामणरावांनीं तर तें वाढविलें. पंचवार्षिक योजना त्यांच्या वेळच्या. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ सालीं, त्यांच्याच कारकीर्दींत. आयुर्विम्याचे धंदे सरकारनें ताब्यांत घेतले तेहि त्यांनींच."

शंका रास्त आहे, आणि तिच्यावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. १९ जानेवारी १९५६ च्या रात्रीं आयुर्विम्याचा वटहुकूम निघाला तेव्हां त्याची कुणकुण बाहेर कोणालाहि लागली नव्हती. ती लागती तर लबाड चालकांनीं विमेदारांचा पैसा रातोरात इकडचा तिकडे केला असता. अबोलपणा हा केवळ स्वभाव नसून कारभाराचें एक साधनहि असतो, तें येथें दिसलें. पण त्या अबोलपणानें सरकार मोठें झालें, लहान झालें नाहीं, हें खरेंच.

मग साम्य कशांत? आमच्या मतें तें पुढल्या सहा महिन्यांत दिसून आलें. त्याच जानेवारींत मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला होता. मुंबईंत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाले, माणसें मेलीं. चिंतामणराव कांहीं सभा गाजविणारे पुढारी नव्हते. त्यांनीं मिरवणूक काढली नाहीं कीं उपोषण केलें नाहीं. परंतु मुंबईविषयींचा निर्णय मंत्रिमंडळांत रीतसर विचार न होतां झाला, आणि गोळीबाराची चौकशी होत नाहीं, हे दोन आक्षेप त्यांच्या मनांतून जाईनात. जुलै १९५६ मध्यें त्यांनीं अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेंत उभें राहून त्याचीं कारणें सांगितलीं. पंतप्रधान नेहरूंनीं ते आक्षेप मान्य केले नाहींत. चिंतामणरावांनीं आपलें म्हणणें मांडलें, आणि ते खुर्चीवरून उठून गेले.

आमच्या घरीं त्या राजीनाम्यावरून वर्षानुवर्षें वाद होत आला आहे. एक पक्ष म्हणे, यानें साधलें काय? मुंबईसह महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० रोजीं, आणि तोहि रस्त्यावरच्या चळवळीनें व मतपेटीनें. आंत राहून त्यांनीं अधिक केलें असतें. दुसरा पक्ष म्हणे, आंत राहून अधिक करूं असें म्हणणारे पुष्कळ असतात, आणि ते आंतच राहतात. दिल्लींतला अर्थमंत्री एका तत्त्वासाठीं दौत-लेखणी खालीं ठेवूं शकतो हें महाराष्ट्राला त्या दिवशीं दिसलें, आणि त्यानें लोकांना जो धीर आला त्याचें मोल हिशेबाच्या वहींत मांडतां येणार नाहीं. आम्ही स्वतः या दुसऱ्या पक्षाचे आहोंत, आणि त्याचें कारण दिल्लींतलें नसून घरांतलें आहे.

आमचे आजोबा फार कर्ते गृहस्थ होते. तेवीस माणसांचें घर, भाताची शेती, आल्यागेल्याचा राबता, सर्व त्यांनीं एकट्यानें सांभाळलें. पण कोठीची व तिजोरीची किल्ली त्यांच्या जानव्याला जी एकदां बांधली गेली, ती अखेरपर्यंत सुटली नाहीं. वहीखातें कोणास दाखवीत नसत. ते एका पावसाळ्यांत अकस्मात् वारले, आणि पंधरा दिवसांत कळलें कीं कोणाचें देणें किती, कोणत्या खाचराचा सारा थकला आहे, घरांतल्या एकालाहि ठाऊक नाहीं. तें निस्तरण्यांत तीन वर्षें गेलीं आणि दोन भावांचें बोलणें कायमचें तुटलें. आजोबांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणालाहि कधीं संशय नव्हता. दोष एवढाच कीं आपल्यावांचून घर चालेल ही कल्पनाच त्यांना कधीं शिवली नाहीं.

आमच्या चुलत्यांनीं त्यावरून धडा घेतला. साठीची शांत झाली त्याच संध्याकाळीं त्यांनीं किल्ल्या देवापुढें ठेवल्या, थोरल्या सुनेला हांक मारली आणि म्हणाले, "उचल. विचारलेंस तर सांगेन. न विचारलेंस तर बोलणार नाहीं." पुढें एकवीस वर्षें ते जगले आणि त्यांनीं तो शब्द पाळला. घरखर्च त्यांच्या वेळेपेक्षां वाढला, नव्या वस्तु आल्या, चुलीच्या जागीं गॅस आला. त्यांचा 'मी' मात्र घरांत कोठें आडवा आला नाहीं.

आमच्या पुतण्याच्या शंकेचें उत्तर येथें आहे. सरकार लहान असावें कीं मोठें, हा प्रश्न देशकालाचा आहे. भरल्या घरच्या अमेरिकेला १९२४ सालीं जें पथ्य मानवलें, तें फाळणी, निर्वासित आणि धान्यटंचाई यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या भारताला १९५० सालीं मानवलें असतेंच असें नाहीं. पण सत्तेवरचा माणूस स्वतः लहान राहिला कीं नाहीं, हा प्रश्न सर्व देशांना व सर्व काळीं सारखाच लागू आहे. कूलिजनें सरकारहि लहान केलें आणि स्वतःहि लहान राहिला. चिंतामणरावांनीं सरकार मोठें केलें, पण त्या मोठ्या सरकारांत आपलें स्वतःचें आसन वाढूं दिलें नाहीं. दोघांतलें दुसरें काम आम्हांस अधिक अवघड वाटतें.

मंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, पुढें दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १९५९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. कालिदासाचें मेघदूत त्यांनीं मराठी पद्यांत आणलें होतें. गांधीजींचीं वचनें संस्कृत श्लोकांत बसविलीं. पत्नी दुर्गाबाई समाजकार्यांत थोर नांव मिळविलेल्या. त्यांच्या कीर्तीच्या आड आपली सावली त्यांनीं कधीं येऊं दिली नाहीं.

१९६९ च्या मे महिन्यांत राष्ट्रपति डॉ. झाकिर हुसेन निवर्तले. काँग्रेसमध्यें फूट पडत होती. एकीकडे नीलम संजीव रेड्डी, दुसरीकडे वराहगिरि गिरि. तेव्हां स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनीं त्र्याहत्तर वर्षांच्या चिंतामणरावांना उभें केलें. सरकारनें लोकांच्या उद्योगांत कमींत कमी लुडबूड करावी, हें स्वतंत्र पक्षाचें ब्रीद. आणि त्यानें निवडला तो आयुर्विमा सरकारजमा करणारा अर्थमंत्री! दैवाची ही थट्टा खरी. पण आम्हांस वाटतें, त्या पक्षानें माणसाचें पूर्वचरित्र पाहतांना त्याच्या योजनांपेक्षां त्याचा राजीनामा पाहिला असावा. मतमोजणींत पहिल्या पसंतीचीं गिरींना चार लक्षांवर, रेड्डींना तीन लक्षांवर आणि चिंतामणरावांना एक लक्ष बारा हजारांवर मतें पडलीं. ते तिसरे आले, आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीची मोजदाद होऊन गिरि राष्ट्रपति झाले.

चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजीं हैदराबादेस वारले. दिवस गांधीजयंतीचा, त्या दिवशीं एका अबोल माणसाकडे किती जणांचें लक्ष गेलें असेल!

हें सारें ऐकून मुलानें विचारलें, "मग आजोबा, ते राष्ट्रपति झाले असते तर काय झालें असतें?" आम्ही म्हणालों, "बाळा, बहुधा फारसें कांहीं ऐकूं आलें नसतें." तो हसला आणि पुस्तक घेऊन उठला. मग दाराशीं थांबून म्हणाला, "आणि आपल्या घरांत आतां किल्ल्या कोणाकडे आहेत?"

माजघरांतलें बोलणें एकदम थांबलें. आम्हीं कमरेच्या जुडग्यावर हात ठेवला होता, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. आमची साठी होऊन पंधरा वर्षें झालीं आहेत. वाचकहो, त्या दिवशीं तिन्हीसांजेला, दिवा लागल्यावर, आम्हीं तें जुडगें देवापुढें ठेवलें आणि घरांतल्या थोरल्या सुनेला हांक मारली.