ते जहाज कॉपी नव्हतं

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये एक चक्कर मारून बघा. दोन बादल्यांवर आडवी ठेवलेली काच, काचेखाली ट्यूबलाईट, काचेवर टॉपरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट! याला म्हणतात जीटी, म्हणजेच ग्लास ट्रेसिंग. आपल्यापैकी कित्येकांच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पाया या काचेवरच घातला गेलाय. मीही त्याला अपवाद नाही. आणि असं असूनही मागच्या वर्षी याच मासिकाच्या समितीत बसून मी एक चित्र 'कॉपी आहे' म्हणून बाहेर काढलं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

चित्र माझ्याच रूममेटचं होतं. ड्रॉइंग शीटवर पेन्सिलीने काढलेलं एक तारायान, खाली बारीक अक्षरात 'यूएसएस टायटन, कादंबरीवरून'. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "हे स्टार ट्रेकमधलं ना? मग यात ओरिजिनल काय?" मी मान डोलावली. रूममेटची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, हे एक कारण. आणि दुसरं, खरं कारण म्हणजे मी ती कादंबरी वाचलीच नव्हती. त्या जागी आम्ही एक सूर्यास्त छापला. (तो कॅलेंडरवरून उतरवलेला होता, हे नंतर कळलं!)

रूममेट चिडला वगैरे नाही. रात्री मेसमध्ये त्याने एवढंच विचारलं, "कशावरून कॉपी केलंय ते दाखव की." मी म्हटलं, दाखवतो. आणि शोधायला बसलो.

तर झालं असं होतं. २००२ साली 'स्टार ट्रेक : नेमेसिस' हा चित्रपट आला. त्यात रायकर हे पात्र कप्तान होऊन 'टायटन' नावाच्या जहाजावर जायला निघतं. पण जहाज काही पडद्यावर दिसत नाही, फक्त नाव ऐकू येतं. पुढची गोष्ट कादंबऱ्यांनी सांगितली. २००५ साली मायकेल मार्टिन आणि अँडी मँगल्स यांची 'टेकिंग विंग' आली आणि टायटनची मालिका सुरू झाली. जहाजावर नाना ग्रहांचे लोक, माणसं अगदी अल्पसंख्य. डॉक्टर तर चक्क डायनोसॉरसारखा दिसणारा! हे सगळं शब्दांत. जहाज नेमकं कसं दिसतं हे ठरवायला प्रकाशकांनी चक्क वाचकांची स्पर्धा लावली. ती शॉन टूरँजो नावाच्या चाहत्याने जिंकली आणि २००७ च्या 'सोर्ड ऑफ डॅमोक्लीज' या कादंबरीवर त्याचं जहाज झळकलं. पुढे २०२० मध्ये 'लोअर डेक्स' या कार्टून मालिकेत तेच जहाज पडद्यावरही आलं. नावानंतर तब्बल अठरा वर्षांनी!

मी टूरँजोचं चित्र आणि माझ्या मित्राचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं. तबकडीचा आकार वेगळा, इंजिनांची जागा वेगळी. जुळत होतं ते फक्त नाव. म्हणजे हे कॉपी नव्हतंच. आणि ज्याला मी 'मूळ' समजून शोधत होतो, तेही शेवटी एका चाहत्यानेच काढलेलं होतं. आता बोला!

मित्रांनो, मुद्दा असा आहे की चित्रपटावरून चित्र काढणं आणि कादंबरीवरून चित्र काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपटात सगळं समोर असतं, हात चांगला असला की झालं. कादंबरीत चार वाक्यं असतात. बाकीचं तुम्ही ठरवायचं. इंजिनं कुठे? लोक आत कुठून येणार? छोटी यानं उतरवायचा दरवाजा मागे की बाजूला? लेखकाला हे प्रश्न टाळता येतात. पेन्सिल हातात असलेल्याला येत नाहीत. फ्रंट व्ह्यूमध्ये जे झाकलं ते टॉप व्ह्यूमध्ये उघडं पडतं, हे आपल्याला फर्स्ट इयरलाच शिकवलंय ना?

पहिलं एंटरप्राईज जहाज मॅट जेफरीज यांनी १९६० च्या दशकात डिझाईन केलं. ते विमानांच्या जगातले. त्यांनी विचार केला की एवढी ताकदवान इंजिनं धोकादायक असणार, म्हणून ती माणसांपासून दूर, खांबांवर नेऊन बसवली. दुरुस्ती बाहेर लटकून नव्हे तर आतून करता यावी, म्हणून बाहेरचा पत्रा गुळगुळीत ठेवला. म्हणजे जहाजाचं ते 'सुंदर' रूप एका मेंटेनन्सच्या विचारातून आलं. माझ्या मित्राच्या शीटच्या मागे असाच हिशोब होता : माणसं किती, मजले किती, एका मजल्याची उंची किती. आपण मशीन डिझाईनला जे करतो तेच. फरक इतकाच की त्याला कोणी मार्क देणार नव्हतं.

पात्रांचंही तसंच. टिमोथी झान यांच्या १९९१ च्या 'एअर टू द एम्पायर' या स्टार वॉर्स कादंबरीत ग्रँड ॲडमिरल थ्रॉन येतो. निळी कातडी, लाल डोळे, पांढरा गणवेश. तो शत्रूची चित्रं आणि शिल्पं अभ्यासतो आणि त्यावरून शत्रू लढाईत काय करेल हे ओळखतो! या थ्रॉनला पडद्यावर यायला २०१६ साल उजाडलं, तेही ॲनिमेशनमध्ये. खऱ्या नटाच्या रूपात तो २०२३ मध्ये आला. मधली पंचवीस वर्षं तो पुस्तकांत, कॉमिक्समध्ये, गेम्समध्ये आणि वाचकांच्या वह्यांत राहिला. त्याच कादंबरीतली मारा जेड तर चित्रपटात आलीच नाही. २०१४ साली कंपनीने या सगळ्या जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाजूला काढून 'लेजंड्स' असा शिक्का मारला. कंपनीचं दुकान आहे, तो त्यांचा हक्क. पण वाचकांनी मारा जेडची चित्रं काढणं थांबवलं नाही. ज्याचं कोणी अधिकृत नाही त्याला आपलं म्हणणं, याला मी तरी कॉपी म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू. पात्रं आणि नावं दुसऱ्याची आहेत, हे खरंच आहे. म्हणून गॅदरिंगला असल्या चित्रांचे टी-शर्ट छापून विकणं मला पटत नाही. कुठल्या पुस्तकावरून काढलं हे खाली लिहायलाच हवं. माझ्या मित्राने ते लिहिलं होतं, आमच्या सूर्यास्तवाल्याने नाही. आणि दुसऱ्या चाहत्याचं चित्र समोर ठेवून काढलं तर ती जीटीच, मग ती कितीही सुबक असो.

काही जण म्हणतील, आता वर्णन टाइप केलं की मशीन दहा सेकंदात चित्र देतं, कशाला रात्री घालवायच्या? देतं की! मीही ते वर्णन टाकून बघितलं. झकास जहाज आलं. पण दरवाजा कुठे आहे असं मला कोणी विचारलं असतं, तर मला उत्तर देता आलं नसतं. माझ्या मित्राला देता येतं, कारण तो दरवाजा त्याने तीनदा खोडलाय. वायवाला काच आणि ट्यूबलाईट घेऊन जाता येत नाही, हे जीटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून समितीपुढे माझा एक प्रस्ताव आहे. या मासिकात दरवर्षी दोन पानं 'शब्दांवरून चित्र' यासाठी ठेवावीत. पुस्तक कुठलंही चालेल. स्टार ट्रेकच हवं असं नाही. डॉ. जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत असताना वाचलंय. त्यातला यंत्रमानव प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असणार. अट एकच : वर्णनातल्या एका वाक्याशीही चित्र भांडता कामा नये, आणि वर्णनात जे नाही ते असंच का काढलं हे दोन ओळीत सांगता आलं पाहिजे. सर लोकांनी परीक्षक व्हावं. आमच्यापेक्षा त्यांना प्रश्न चांगले विचारता येतात.

रूममेट आता फायनल इयरला आहे. या अंकासाठी मी त्याच्याकडे ती शीट परत मागितली, सॉरीही म्हणालो. त्याने गादीखालून शीट काढली, जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "दोन दिवस थांब. मागचं इंजिन चुकलंय."

मी थांबलोय.